दोरांच्या रांगेतली हाक

शनिवारी दुपारी कासिमिरा आणि सेनोन डोंगर उतरून चुरुमायुला आले तेव्हा विकायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. ना बटाटे, ना लोकर, ना एखादं मेंढरू. बाजाराच्या गावात रिकाम्या हातांनी येणारी माणसं लगेच नजरेत भरतात. पुलावर भेटलेल्या एका गाववाल्याने विचारलंच, "काय सेनोन, या वेळी बायकोच विकायला काढलीस की काय?" एरवी कासिमिराने त्याला असं उत्तर दिलं असतं, की तो महिनाभर तिच्या वाटेला गेला नसता. आज ती न थांबता पुढे गेली.

तिच्या पाठीवर आग्वायो बांधलेला होता. त्या जाड विणलेल्या कापडात आमच्या बायका एरवी पोर नाहीतर बटाटे बांधून नेतात. आज त्यात फक्त तिच्या सहा वर्षांच्या मुलीची टोपी होती, तांबडी, लोकरीची, कानांवर येणारी आणि मुद्दाम न धुतलेली. तोमासाचा जीव या गावात मागे राहिला होता आणि तो घरी न्यायला कासिमिरा आली होती.

मागच्या मागच्या रविवारी सेनोन लेकीला घेऊन बाजाराला आला होता. कासिमिराला येता आलं नव्हतं, कारण मेंढ्या वीत होत्या. रात्री सेनोन घरी परतला तो पोरीला पाठुंगळी घेऊन. ट्रकथांब्यावर कानाशी भोंगा वाजला, दचकून पडली, एवढंच तो म्हणाला. अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता. पण त्या रात्रीपासून तोमासा एक अक्षर बोलली नाही. तोंडात घास घातला तर तो गालात तसाच राहायचा. झोपली तरी डोळे अर्धे उघडे असायचे. आधी तिच्यामागे धावता धावता कासिमिराला धाप लागायची. आता तिला कडेवर घेतलं की घेतल्यासारखं वाटायचं नाही.

खालच्या आरोग्यकेंद्रातल्या नर्सने पोट दाबून बघितलं, थेंब दिले आणि फरक पडला नाही तर शहरात न्या म्हणाली. फरक पडला नाही. मग म्हातारी पास्कुआलाने फडकं पसरून त्यावर कोकाची पानं टाकली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "अंगात काही नाहीये गं पोरीच्या. जीव मागे राहिलाय. जिथे घाबरली तिथेच बसलाय. त्याला लवकर आणलं नाहीस तर अंगही टिकायचं नाही."

आमच्या डोंगरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोर घाबरलं की जीव सुटतो आणि त्याच जागी राहतो. आईने त्या जागी जायचं, पोराची टोपी जमिनीशी उघडी धरायची, आवडीचा खाऊ ठेवायचा आणि नाव घेऊन हाक मारायची. 'हाम्पुय, हाम्पुय,' परत ये. जीव आला तर टोपी जड लागते. मग ती मिटून छातीशी धरायची आणि थेट घर गाठायचं. वाटेत मागे वळून बघायचं नाही आणि पोराच्या डोक्यावर टोपी घालेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. एवढं सगळं केलं की पोरं उठून बसतात, हे कासिमिराने स्वतः पाहिलं होतं. लहानपणी तिच्या स्वतःच्या आईने तिला असंच एका ओढ्यावरून घरी आणलं होतं.

म्हणून तोमासाला नणंदेच्या, फ्लोराच्या, हवाली करून ती निघाली होती. तोमासाचा निळा घागरा मात्र निघताना सापडला नाही. टोपीबरोबर तोही घ्यावा असं कासिमिराच्या मनात होतं. सगळं घर उलटंपालटं केलं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला शिव्या घातल्या, शेवटी नाद सोडला. ती शोधत होती तेव्हा सेनोन दारात पाठमोरा उभा राहून खेटरांचे पट्टे ओढत होता.

सूर्य कलला तशी दोघं ट्रकथांब्यावर गेली. "कुठे?" कासिमिराने विचारलं. सेनोनने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि तेलाने काळ्या पडलेल्या एका जागेकडे बोट केलं. ती गुडघ्यांवर बसली, टोपी उघडी धरली, समोर मक्याच्या गोड लाह्या ठेवल्या. आधी तिला लोकांची लाज वाटली. भोवती माणसं येत-जात होती, कुणी पोती उतरवत होतं. मग तिने डोळे मिटले आणि हाक मारली. "हाम्पुय, तोमासा. आई आलीये. चल बाळा, घरी जाऊ." पुन्हा पुन्हा मारली. घसा बसेपर्यंत मारली.

टोपी उचलली तर ती लोकरीच्या टोपीएवढीच हलकी होती. कासिमिराने ती या हातातून त्या हातात घेऊन बघितली.

बाजूला रस्स्याचं पातेलं मांडून एक बाई बसली होती. ती मघापासून हे बघत होती. "कुणाचं गं? लेकीचं?" तिने विचारलं.

"लेकीचं. मागच्या मागच्या रविवारी इथे ट्रकला घाबरली."

बाईने डाव पातेल्यात तसाच ठेवला. "त्या रविवारी? अगं बाई, त्या रविवारी ट्रक कुठे होते? शिक्षकांनी रस्ता अडवला होता ना. तीन ठिकाणी दगड टाकलेले. एक चाक गावात आलं नाही. माझं हे पातेलं भरलेलंच घरी गेलं, मला बरं आठवणार नाही? नीट विचार कुठे घाबरली ते. उगाच दुसऱ्याच कुणाच्या पोराचा जीव घेऊन जाशील."

कासिमिराने सेनोनकडे बघितलं. सेनोन जमिनीकडे बघत होता.

"ती काय म्हणते ऐकलंस?"

"तिला काय आठवतंय," सेनोन म्हणाला. "नाहीतर मोटारसायकल असेल. मला काय माहीत. भोंगा वाजला एवढं खरं."

सेनोन तसा खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याला ते जमायचंच नाही. मेंढी विकतानासुद्धा तिचा लंगडा पाय आपणहून दाखवणारा तो. म्हणूनच कासिमिराला भीती वाटली. या माणसाला खोटं बोलायला लागावं असं झालं तरी काय होतं? घरी पोर कणाकणाने संपत होती आणि हा मोटारसायकलीच्या गोष्टी सांगत होता. तिला त्याचा गळा धरावासा वाटला. पण रस्त्यात तमाशा नको होता. उजाडल्यावर बघू असं तिने ठरवलं.

मुक्कामाला ती दोघं नेहमीप्रमाणे रेमेदिओसकडे गेली. रेमेदिओस चौकाच्या मागच्या गल्लीत मक्याची दारू, चिचा, गाळून विकायची. तोमासाच्या बाप्तिस्म्याला हिनेच तिला हातांवर धरलं होतं, त्यामुळे ती कासिमिराची कोमाद्रे. तोंडाने फटकळ, पण हाताने सैल बाई. त्या संध्याकाळी गिऱ्हाईक इतकं होतं की तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यांना पडवीत कातडी अंथरून देऊन ती पुन्हा घागरींकडे पळाली. सेनोन भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला झोप लागलेली नाही हे कासिमिराला त्याच्या श्वासावरून कळत होतं. तिनेही रात्र टोपी पोटाशी धरून काढली.

सकाळी रेमेदिओसने दोघांच्या हातांत गरम जांभळ्या आपीचे, मक्याच्या दाट पेजेचे, पेले दिले आणि स्वतःही टेकली. "पोर कशी आहे?" तिने विचारलं.

"जेवत नाही," कासिमिरा म्हणाली. "बोलत नाही."

"अगं, होतं असं पहिल्या पहिल्यांदा. माझ्या बहिणीकडे आधी एक पोरगी आली होती, तीसुद्धा महिनाभर रडत होती. मग अशी रुळली की घरी जायचं नाव काढेना. तुमची मात्र मुलखाची हट्टी निघाली हं." रेमेदिओस उठली, आत गेली आणि एक गाठोडं घेऊन आली. "हे बरं झालं आठवलं. तिचं सामान इथेच राहिलं होतं त्या दिवशी. मन बदललं असेल तर घेऊन जा. नाही बदललं तर तसं सांगा. तिकडे सुक्रे शहरात बहीण अजून थांबलीये, पण कायमची थांबणार नाही."

कासिमिराने गाठोडं सोडलं. वर निळा घागरा होता. त्याच्याखाली तोमासाचं लहान पांघरूण, नीट घडी केलेलं. पांघरुणात तिचा लाकडी चमचा होता. दांड्याला दातांच्या खुणा असलेला तो चमचा कासिमिराच्या वडिलांनी कोरला होता. पांघरूण आणि चमचा घरात नाहीत हे आजारपणाच्या धांदलीत तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

एका दिवसाच्या बाजाराला कुणी पांघरूण नेत नाही, चमचा तर नाहीच नाही.

सगळं कळलं होतं, तरी ते डोक्यात शिरायला वेळ लागत होता. मग तिने शांतपणे विचारलं, "कोमाद्रे, काय ठरलं होतं?"

रेमेदिओसचा चेहरा उतरला. तिने सेनोनकडे बघितलं, मग कासिमिराकडे. "म्हणजे? तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं म्हणाला हा. बहिणीला घरात हाताखाली पोरगी हवी होती. शाळेत घालणार होती. मी काय कुणाची पोर ओढून नेणार आहे का?"

"मला नाही विचारलं कुणी."

"सेनोन," रेमेदिओस म्हणाली, "अरे देवा, माणूस आहेस का कोण आहेस तू?" पेले तसेच टाकून ती आत निघून गेली.

सेनोन पेल्यातल्या आपीवर धरलेली साय बघत होता. "गोठलेल्या दंवाने सगळे बटाटे काळे पडले," तो म्हणाला. "तू बघितलेस. कणगीत काय उरलंय तेही बघितलंस. तिथे रोज मांस शिजतं म्हणाली. शाळा आहे. मी म्हटलं, एकीचं तरी पोट..."

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो," कासिमिरा म्हणाली. "म्हणाले असते."

यापुढे बोलण्यासारखं तिच्याकडे इतकं होतं, की कुठून सुरुवात करावी ते कळेना. हा माणूस तिच्याशेजारी झोपत होता, तिच्या ताटातलं खात होता आणि तिचीच पोर तिच्या नकळत गाठोडं बांधून देऊन आला होता. पण दिवस वर चढत होता. घरी फ्लोरा पोरीच्या ओठांना ओला बोळा लावत बसली असेल. भांडण पुढे कधीही करता आलं असतं. तिने गाठोडं पाठीवर घेतलं, टोपी हातात घेतली. "जागा दाखव," ती म्हणाली. "खरी."

रविवारचा बाजार एव्हाना भरला होता. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. कांदे, मातीची मडकी, मेंढ्यांची कातडी, प्लॅस्टिकच्या बादल्या. सेनोन माणसांमधून वाट काढत पुढे चालला होता आणि कासिमिरा त्याच्या पाठीवर नजर रोखून मागून जात होती. चौकाच्या वरच्या अंगाला दोरवाल्या बसतात. लामाच्या लोकरीचे दोर, गाढवांच्या ओझ्याचे, गोफणींचे. तिथल्या एका दोरवालीच्या मागे देवळाची पायरी होती. सेनोन तिथे थांबला.

दोरवाली म्हातारी पण तरतरीत होती. कासिमिराला बघून तिने गिऱ्हाइकाला मारतात तशी हाक मारली, "ये कासेरा, ये. मजबूत दोर आहेत. एक घेऊन जा, नवरा बांधून ठेवायला उपयोगी पडतो." आजूबाजूच्या बायका खिदळल्या.

कासिमिराने हातातली टोपी पुढे केली.

म्हातारीचं हसू मावळलं. तिने टोपी ओळखली. "ती पोर," ती म्हणाली. "तुझी का ती? अगं, दिवसभर बसली होती इथे, या पायरीवर. मला वाटलं कुणी हरवलं हिला. विचारलं, तर म्हणे ताता मीठ आणायला गेलाय, हलू नकोस म्हणालाय. लाह्या दिल्या मूठभर, तर हातात धरून बसली. ताता आला की खाईन म्हणाली. मग ती चिचावाली आली न्यायला. हिने पायरीला अशी मिठी मारली आणि ओरडायला लागली, की ती बिचारी निघून गेली. ऊन आलं, ऊन गेलं. आम्ही सगळ्यांनी दुकानं आवरली, गाढवं लादली. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर. मान नाही म्हणून हलवली. काय करणार, मला घर लांब." तिने शालीच्या टोकाने नाक पुसलं. "जाताना मागे वळून बघितलं तर सगळा चौक रिकामा आणि ही एकटी बसलेली. लाह्या तशाच हातात."

कासिमिरा पायरीशी बसली. तिचं लेकरू इथे बसलं होतं. ती मेंढीची वार ओढत होती तेव्हा, ती रात्रीसाठी चूल पेटवत होती तेव्हाही. बापाने हलू नको सांगितलं म्हणून हललं नव्हतं.

"मी खिंडीपर्यंत गेलो होतो," सेनोन तिच्या मागून हळूच म्हणाला. "तिथल्या दगडांच्या राशीवर वाटसरू ठेवतात तसा दगड ठेवायला वाकलो आणि हात उचलेना. मग धावत आलो परत. आलो तेव्हा अंधारत होतं. ती इथेच होती. माझ्याकडे बघितलं तिने, पण मला ओळखलं नाही."

कासिमिराने टोपी पायरीशी उघडी धरली, लाह्या ठेवल्या आणि हाक मारली. या वेळी तिला लोकांची लाज वाटली नाही. "हाम्पुय, तोमासा. हाम्पुय, माझ्या बाळा. आई न्यायला आलीये." दोरवाल्या गप्प झाल्या. त्यांच्यामागचे कांदेवालेही वळून बघू लागले. तिने टोपीवर हात ठेवला, पुन्हा हाक मारली, पोरीच्या आवडीचं गाणं म्हटलं, शेळीच्या पिल्लाचं नाव घेतलं, आजोबांच्या चमच्याची आठवण दिली. मग टोपी उचलली.

हलकीच होती. काल होती तितकीच हलकी.

तेव्हा मात्र कासिमिराचा धीर सुटला. जागा तर खरी होती. टोपी खरी होती, लाह्या खऱ्या होत्या, आई खरी होती. आता आणखी काय करायचं? पोर येत नव्हती. ती पायरीवर कपाळ टेकून रडली, घरात मेलेल्या माणसासाठी रडतात तशी. दोरवाली म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "अगं, हाक नीट लागली नसेल," ती म्हणत होती. "पुन्हा मार. आईची हाक लागतेच. नाहीतर मग काय, कुणी तिला धरून ठेवलंय का?"

कासिमिराने डोकं उचललं.

धरून ठेवलं होतंच. हलू नकोस, असं सांगून ठेवलं होतं. तोमासा शब्दाला पक्की. अंगणात बस म्हटलं की जेवणापर्यंत अंगणातून हलायची नाही. आईने कितीही हाका मारल्या तरी ती उठणार नव्हती, कारण बस असं आईने सांगितलंच नव्हतं.

"तू मार हाक," ती सेनोनला म्हणाली.

सेनोन दचकला. "मी? पुरुष कधी हाक मारतो का? आईनेच मारायची असते."

"तिला इथे मी बसवलं होतं का?"

"कासिमिरा, लोक बघतायत. घरी जाऊ, पास्कुआलाला विचारू..."

"पास्कुआलाला विचारून परत यायला पुढचा रविवार उजाडेल," कासिमिरा म्हणाली. ती ओरडली नाही, पण तिचा आवाज ऐकून कांदेवाल्याने आपल्या गिऱ्हाइकाला गप्प केलं. "पुढच्या रविवारी कुणाला न्यायला येणार आहेस? ज्याने बसवलं त्यानेच उठवायचं. घे."

तिने टोपी त्याच्या हातात कोंबली.

सेनोन टोपी धरून उभा राहिला. त्याच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या होत्या. भोवती त्याच्याच गावची चार माणसं होती, पुलावर थट्टा करणाराही त्यांत होता. डोंगरातला पुरुष देवळात गुडघे टेकतो आणि मेलेल्याला पुरताना टेकतो. एरवी भर बाजारात कुणी टेकत नाही. क्षणभर कासिमिराला वाटलं, हा जाणार. टोपी टाकून सरळ चालू लागणार. तसं झालं असतं तर ती त्याच्या मागे गेली नसती, हे तिला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं.

सेनोनने डोक्यावरचा कातडी टोप काढून जमिनीवर ठेवला आणि पायरीसमोर गुडघे टेकले.

"तोमासा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की त्याला स्वतःलाही ऐकू आला नसेल. त्याने घसा खाकरला. "तोमासा. मी ताता. ऊठ आता." तो थांबला. कुणी हसलं नाही. "मी सांगितलं होतं हलू नकोस, म्हणून बसलीस. आता मीच सांगतोय, हल. तू नीट बसलीस, पोरी. तुझं काही चुकलं नाही. मी तुला टाकून गेलो होतो." शेवटचं वाक्य त्याने सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, आणि मग त्याला ते थांबवता येईना. "मी टाकून गेलो होतो. तुझ्या आईला ठाऊक नव्हतं. मी एकट्यानेच. हाम्पुय, तोमासा. ऊठ, माझा हात धर. हाम्पुय."

तो रडत होता, पुरुष रडतात तसा, नाक ओढत, चेहरा वेडावाकडा करत. त्याने टोपीचं तोंड मिटलं आणि ती दोन्ही हातांनी उचलली. उचलताना त्याचे दंड ताठ झाले. टोपी खरंच जड झाली होती की त्याच्या हातांतलं बळ गेलं होतं, ते कासिमिराला कळलं नाही. विचारायचीही सोय नव्हती. टोपी मिटली गेली होती. आता घरापर्यंत बोलायचं नव्हतं.

दोरवालीने न विचारता वाट करून दिली. गर्दी बाजूला सरली. सेनोन टोपी छातीशी धरून पुढे आणि कासिमिरा मागे, अशी ती चौकातून बाहेर पडली. कातडी टोप तिथेच राहिला. तो घ्यायला मागे वळायचं नव्हतं.

पूल गेला, शेवटची भिंत गेली, चढ लागला. वरच्या अंगाला जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने गाडी हळू करून "चला, बसा" म्हटलं, तर दोघांनी माना हलवल्या. ट्रकमध्ये कुणी ना कुणी बोलायला लावतंच. दोघं चालत राहिली.

आयुष्यात कधी नव्हे इतकं कासिमिराला त्या दिवशी बोलायचं होतं. वाक्यांमागून वाक्यं तिच्या घशाशी येत होती. निळा घागरा मी शोधत होते तेव्हा तू पाठ करून उभा होतास. पांघरुणाची घडी कुणी घातली, तूच ना? तू घडी घालत होतास तेव्हा ती बघत होती का? चमचा कशाला बांधलास, तिथे चमचे नव्हते? एकेक प्रश्न ती गिळत होती आणि तो तिच्या पोटात जाऊन बसत होता. एकदा तोंड उघडलं असतं तर पोर गेली असती. म्हणून ओठ दातांत धरून ती चालली. खिंडीतल्या दगडांच्या राशीपाशी सेनोन क्षणभर थांबला. खाली वाकला नाही. दगड न ठेवताच पुढे गेला.

घर दिसलं तेव्हा उन्हं डोंगराच्या टोकांवर उरली होती. धुराड्यातून धूर येत होता. धूर आहे म्हणजे फ्लोराने चूल पेटवली आहे, आणि चूल पेटवली आहे म्हणजे अजून... कासिमिराने पुढचा विचार केला नाही. फ्लोरा दारात आली. त्यांच्या तोंडांकडे बघून काहीच न विचारता बाजूला झाली.

तोमासा कातड्यांवर पडली होती. डोळे अर्धे उघडे. नाकपुड्या हलत होत्या. सेनोन तिच्यापाशी बसला, टोपी उघडली आणि तिच्या डोक्यावर घातली, कानांवर नीट ओढून. मग त्याला काय करावं ते सुचेना. तो नुसता बसून राहिला. कासिमिरा भिंतीला धरून उभी होती. चुलीत लाकूड तडतडलं, बाहेर मेंढी ओरडली. काही झालं नाही. काहीच झालं नाही, आणि कासिमिराने डोळे मिटले.

"मीठ मिळालं?"

आवाज घोगरा होता, न वापरलेला. कासिमिराने डोळे उघडले. तोमासा बापाकडे बघत होती, पूर्ण उघड्या डोळ्यांनी.

सेनोनचे ओठ हलले. सहज हो म्हणता आलं असतं. घरात मीठ होतं. फ्लोराने लगेच आणून त्याच्या हातात ठेवलं असतं. टोपीला सांगणं त्यामानाने सोपं होतं, टोपी असं बघत नाही.

"नाही," तो म्हणाला. "मी मीठ आणायला गेलोच नव्हतो, पोरी."

तोमासा त्याच्याकडे बघत राहिली. तिने पांघरुणातून हात बाहेर काढला. मनगट काटकीएवढं झालं होतं. तिने त्याच्या अंगावरच्या पोंचोची किनार मुठीत धरली आणि घट्ट आवळली.

"इथे बस," ती म्हणाली. "हलू नकोस."

सेनोन बसला.

कासिमिराने पाठीवरचं गाठोडं सोडलं, लाकडी चमचा काढला, पुसला आणि चुलीवरच्या मडक्यातला पातळ रस्सा वाटीत घेतला. पहिला चमचा तोमासाने तोंडात बराच वेळ ठेवला. मग गिळला. दुसरा लवकर गिळला. फ्लोरा तोंडाला शाल लावून बाहेर गेली.

आता बोलायला हरकत नव्हती. टोपी डोक्यावर होती, जीव घरात होता. पण कासिमिरा सेनोनशी एक शब्द बोलली नाही. वाटी रिकामी झाली, पोर झोपली, या वेळी डोळे मिटून. तिची मूठ मात्र सुटली नाही. मुडपलेल्या पायाला मुंग्या आल्या तसं सेनोनने कासिमिराकडे बघितलं, पाय सरळ करू का असं विचारल्यासारखं. तिने वाटी उचलली आणि चुलीकडे वळली. तो तसाच बसून राहिला.